बाटलीवर शेताचं नाव

आजची नोंद सातूची आहे, पण पेल्यातल्या.

मागच्या उन्हाळ्यात लेकीकडे आयर्लंडला गेलो होतो. एका संध्याकाळी जावईबापूंनी वॉटरफर्डची सिंगल माल्ट व्हिस्की काढली, २०२० साली बाजारात आलेली. जावयासमोर पेला धरायचा संकोच वाटला. लेक म्हणाली, "आप्पा, बाटलीवरचं नाव तर वाचा." बॅलीकिलकॅव्हन. लीश परगण्यातल्या एका शेताचं नाव! आत फक्त त्याच शेताचा सातू.

५० टक्के अल्कोहोल. पहिल्या घोटाला जीभ भाजली. चार थेंब पाणी घातलं, जरा थांबलो, मग वास घेतला. मळणीच्या दिवशी खळ्यावर येतो तसा कोरड्या दाण्याचा वास, मागून भाजलेल्या पिठाचा गोडवा, शेवटी थोडा हिरवट कच्चेपणा. तिथल्या कायद्यानं व्हिस्की किमान ३ वर्षं लाकडी पिंपात ठेवावी लागते. ही ५ वर्षांचीही नव्हती. लाकडाचा वास कमी, धान्याचा जास्त.

माल्ट म्हणजे सातू भिजवून, मोड आणून, वाळवायचा. आपण नाचणीचं करतो तसंच. त्यामुळे दाणा उगवणारा हवा आणि प्रथिनं कमी हवीत. नत्र जास्त पडलं की प्रथिनं वाढतात, स्टार्च घटतो, उतारा कमी पडतो.

जमिनीनं चव खरंच बदलते का, हेही त्यांनी तपासलं. सातूचे दोन वाण अथाय आणि बनक्लोडी अशा दोन ठिकाणी २०१७ व २०१८ ला पेरले, वेगवेगळे गाळले. जागा आणि हंगाम बदलला तशी चव बदलली.

एवढं करूनही नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या कंपनीवर रिसीव्हर बसला. म्हणजे शेताचं नाव लावलं की धंदा तरतोच असं नाही, हे आपणही ध्यानात ठेवायचं.

तरी एक गोष्ट मनातून जाईना. माझी ज्वारी आडतीवर उतरली की दहा जणांच्या ढिगात मिसळते. मग माझी कुठली, ते मलाही सांगता येत नाही. म्हणून यंदा खालच्या काळ्या रानातली आणि वरच्या मुरमाड रानातली मालदांडी वेगवेगळ्या पोत्यांत भरलीय. वर गट नंबर आणि पेरणीची तारीख लिहिलीय.

या एकदा भाकरी खायला. पोतं कुठलं ते आधी सांगणार नाही.