आत्याची बुधवारची वही

हिंदी सिनेमाची गाणी घराघरांत पोहोचली ती रेडिओ सिलोनमुळे, आणि सिलोनला ही संधी मिळाली ती एका मराठी मंत्र्यामुळे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 साली नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. ते शास्त्रीय संगीताचे खरे जाणकार होते. आकाशवाणीच्या वेळेत रागदारीला मानाचं स्थान मिळावं, ही त्यांची तळमळ होती आणि सिनेसंगीत त्यांना उथळ वाटे. सिनेमाचं नाव न सांगता गाणी लावायची, असं ठरल्यावर निर्मात्यांनी परवानग्या काढून घेतल्या आणि आकाशवाणीवरची फिल्मी गाणी आटली. श्रोत्यांनी मग रेडिओचा काटा कोलंबोकडे वळवला.

तिथली यंत्रणा जय्यत होती. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी कोलंबोत शक्तिशाली प्रक्षेपक बसवला होता. युद्ध संपल्यावर रेडिओ सिलोनला तो आयता मिळाला आणि त्याच्या लघुलहरी थेट हिमालयापर्यंत ऐकू येऊ लागल्या. 1952च्या डिसेंबरात त्याच लहरींवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक होता मुंबईचा विशीतला अमीन सायानी आणि त्याचा मेहनताना होता आठवड्याला 25 रुपये.

आमच्या कराडच्या घरात ही गीतमाला पोहोचली ती मर्फीच्या रेडिओतून. रेडिओ बाळगायला तेव्हा लायसन्स लागायचं आणि त्याची फी दर वर्षी पोस्टात भरावी लागायची. आढ्याला तांब्याच्या जाळीच्या पट्टीची एरियल बांधलेली असे. बुधवारी रात्री आठच्या आत जेवणं उरकायची, हा आत्याचा नियम. आजोबांनाही त्यातून सूट नव्हती. आठला पाच कमी असताना ती काटा फिरवायला बसायची. शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा चढे आणि उतरे. नेमकं पायदान, म्हणजे गाण्याचा क्रमांक, सांगायच्या वेळी तो बुडाला, की सगळे श्वास रोखून कान पुढे करत.

आत्याची एक जाड, रेघांची वही होती. तिच्यात सहा रकाने: पायदान, गाणं, सिनेमा, गायक, संगीतकार, गीतकार. मागच्या आठवड्यापेक्षा गाणं वर गेलं तर लाल पेन्सिलीनं वर जाणारा बाण, घसरलं तर निळ्यानं खाली जाणारा. बाण काढायचं काम माझ्याकडे होतं. बिगुल वाजला की पहिल्या क्रमांकाचं गाणं येणार, हे सगळ्यांना ठाऊक असे. ते कोणतं असेल यावर घरात आधीच पैज लागलेली असायची. बरेच आठवडे शिखरावर टिकलेल्या गाण्याला ‘सरताज गीत’ म्हणून मानानं निरोप दिला जाई. त्या दिवशी आत्या त्याच्याभोवती चौकट आखायची.

अशा वह्या गावोगावी होत्या. कारण या कार्यक्रमानं श्रोत्याला पहिल्यापासून कामाला लावलं होतं. सुरुवातीला त्याचं रूप स्पर्धेचं होतं. सात गाणी वाजवायची आणि श्रोत्यांनी त्यांचा कालक्रम लावून पाठवायचा. बक्षीस होतं 100 रुपये. सायानींनीच पुढे अनेकदा सांगितलं आहे की पहिल्या कार्यक्रमाला 9,000 पत्रं आली आणि वर्षभरात आठवड्याचा आकडा 65,000 वर गेला. एवढी पत्रं तपासणं अशक्य झालं, तेव्हा स्पर्धेच्या जागी लोकप्रियतेची उतरंड आली. ती ठरे दुकानांतल्या रेकॉर्डविक्रीवरून. पण दुकानातला साठा संपला की चांगलं गाणंही मागे पडे. म्हणून ठिकठिकाणच्या श्रोता संघांची मतंही धरली जाऊ लागली. आपला कौल कोलंबोपर्यंत पोहोचतो, याचा आत्याला केवढा अभिमान!

माझं संगीतशिक्षण झालं ते या सहा रकान्यांतून. एकच गळा शंकर-जयकिशनकडे कसा लागतो आणि कल्याणजी-आनंदजींकडे कसा, हे लिहिता लिहिता कळू लागलं. मजरूह, शैलेंद्र, हसरत ही नावं आमच्या घरात पाहुण्यांच्या नावांसारखी वावरू लागली. गीतमालेच्या 1953च्या वार्षिक यादीत पहिलं आलं ते ‘अनारकली’तलं लताबाईंचं गाणं आणि त्याचे संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे आपल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, हे आत्या येईल त्याला ऐकवायची.

या सगळ्यावर सायानींची भाषा. त्यांचं पहिलं प्रसारण इंग्रजीतलं आणि त्यात त्यांना आणलं थोरले भाऊ हमीद यांनी. पण बोलीतलं सोपं हिंदुस्थानी त्यांना मिळालं घरातूनच. आई कुलसुम सायानी गांधीजींच्या सांगण्यावरून नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ हे पाक्षिक चालवत. देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत ते निघे आणि शाळकरी अमीन त्यात मदत करी. हिंदी वर्तमानपत्र कधी हाती न धरलेल्या माझ्या आजीला गीतमालेतला शब्द न् शब्द समजायचा, त्याचं मूळ तिथे आहे. ‘बहनों और भाइयों’ अशी हाक आली की आजी पदर सावरून बसायची.

आम्हा मुलांचा जीव मात्र प्रायोजकावर जडला होता. बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात प्लास्टिकचे इवलेसे प्राणी निघत. नवं खोकं लवकर यावं म्हणून ब्रशवर पेस्टची लांबलचक रेघ ओढायची, हा आम्हा भावंडांचा कट. खिडकीच्या कट्ट्यावर हत्ती, जिराफ आणि बदकं ओळीनं मांडलेली असत आणि त्यांच्यातही आम्ही पायदानं लावायचो.

फिल्मी गाण्यांची ही ओढ सरकारलाही दिसत होती. 3 ऑक्टोबर 1957 रोजी, केसकर मंत्री असतानाच, आकाशवाणीनं विविध भारती सुरू केली आणि सिनेसंगीत सन्मानानं घरी परतलं. गीतमालेचा श्रोता तरी हलला नाही. पुढे सिलोनचं श्रीलंका झालं, बिनाकाचं सिबाका झालं, तरी लोक जुन्याच नावानं हाक मारत राहिले. 1989 साली कार्यक्रमच विविध भारतीवर आला. सायानींना 2009 साली पद्मश्री मिळाली. 20 फेब्रुवारी 2024 रोजी ते गेले, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दिवसभर वहीच्या पानांचे फोटो फिरत होते.

त्यातल्या 1975च्या पानावरून जुना वाद पुन्हा पेटला. त्या वर्षीचं अव्वल गीत होतं ‘रोटी कपडा और मकान’मधली महागाईवरची कव्वाली. प्रेमगीतांच्या गर्दीतून साखर आणि रॉकेलच्या भावानं गांजलेल्या लोकांनी तिला वर चढवलं, याचं मला आजही कौतुक वाटतं. आत्याला ते मान्य नाही. तो मान ‘आँधी’चाच होता, असं तिनं ग्रुपवर ठणकावून सांगितलं. त्यावर भाच्यानं ‘आँधी’ची गाणी पहिल्यांदाच ऐकली आणि आत्याच्या बाजूनं मत नोंदवलं. आता आमच्याकडे दोन पक्ष पडले आहेत आणि दिवाळीत सगळे जमतील तेव्हा 1975ची पूर्ण यादी वाजवून नव्यानं कौल घ्यायचं ठरलं आहे.