पाठ टेकण्यापुरती जागा

मुलुंडला पूर्व द्रुतगती महामार्गाच्या अंगाला राहणाऱ्या माणसाला रात्रीची वाहतूक डोळे मिटूनही कळते. दुधाचा टँकर कोणता, रिकामा डंपर कोणता, हे खिडकीच्या काचेच्या थरथरीवरून सांगता येतं. फक्त एकाच गाडीची चाहूल आधी लागत नाही, कारण ती माणसाच्या चालीने येते. प्रथम दिसतो पुढच्या जीपवरचा पिवळा फिरता दिवा. मागोमाग हातात लांब बांबू घेतलेली माणसं येतात आणि रस्त्यावर लोंबणाऱ्या केबल अलगद वर उचलून धरतात. मग येतो घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारा ट्रक. त्याच्यामागे चाकांच्या रांगांमागून रांगा, आणि त्यांच्यावर लोखंडी साखळ्यांनी जखडलेलं काहीतरी अवाढव्य: ट्रान्सफॉर्मर, पुलाची तुळई, कारखान्याचं भांडं. सगळं उपनगर झोपलेलं असताना उद्याचं उपनगर असं हळूहळू आत येत असतं.

मी अनेकदा खिडकीत उभा राहून हा सोहळा पाहतो. ओझं पाहून झालं की नजर आपोआप पुढच्या काचेमागच्या माणसाकडे वळते. डॅशबोर्डच्या मंद उजेडात त्याचा चेहरा नीट दिसत नाही, पण त्याची पाठ ताठ आहे हे कळतं. माझ्या मनात दर वेळी एकच प्रश्न येतो: हा माणूस झोपतो कुठे?

एवढं ओझं शहरातून दिवसा नेता येत नाही. परवानगी मिळते ती रात्रीची. त्यामुळे या चालकाचा दिवस आणि रात्र उलटे झालेले असतात. उजाडलं की गाडी सर्व्हिस रोडच्या कडेला लागते, चाकांना दगड लागतात, आणि त्याची रात्र सुरू होते. भांडुपपासून मुलुंडपर्यंत मिठागरांच्या बाजूला अशा गाड्या मी भर उन्हात उभ्या पाहिल्या आहेत. मे महिन्यात अकरा वाजता केबिनचा पत्रा हाताला चटका देतो. आत टॉवेल ओला करून खिडकीला टांगलेला असतो, दार अर्धं उघडं असतं आणि दाराबाहेर दोन पावलं आलेली असतात. पूर्वी मुलुंड आणि दहिसरच्या जकात नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागायच्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, त्या रांगाही गेल्या. बाहेर आलेली पावलं मात्र अजून आहेत.

माझा मावसभाऊ वाहतुकीच्या धंद्यात आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला अवजड मालासाठी नवा घोडा घ्यायचा होता, आणि त्या शोधात तो मलाही बरोबर नेत असे. त्या निमित्ताने मला कळलं की ट्रक निवडणं ही किती गंभीर गोष्ट आहे. इंजिनाची ताकद किती हॉर्सपॉवर, ती किती फेऱ्यांना मिळते, मागचे दोन्ही एक्सल ओढणारे आहेत का, कसाऱ्याच्या किंवा बोरघाटाच्या चढावर भरल्या गाडीने थांबून पुन्हा उचल घेता येईल का, उतारावर इंजिनाचा ब्रेक किती धरेल, गाडी बिघडली तर मेकॅनिक किती तासांत पोहोचेल, पाच वर्षांनी विकायला काढली तर काय येईल. मावसभाऊ हे सगळं वहीत लिहून घेत होता. त्या वहीत बिछान्यासाठी रकाना नव्हता.

तो रकाना उघडला त्याच्या सर्वांत जुन्या चालकाने. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. मूळचे पाटोद्याकडचे, साठीला टेकलेले. विक्रेत्याचा माणूस इंजिनाबद्दल सांगत असताना मामांनी पायरीवर चपला काढल्या, वर चढले आणि सीटच्या मागच्या बर्थवर सरळ आडवे झाले. गुडघे वाकवावे लागले. कूस बदलून पाहिली, उठून बसून पाहिलं, डोकं छताला लागलं. खाली उतरून ते एवढंच म्हणाले, “मालक, ओढायचं काम गाडी करील. पण जागं मला राहायचंय.”

त्या वाक्याने माझी ट्रककडे पाहण्याची दृष्टी बदलली. आपल्या देशात चालकाच्या अंथरुणाचा इतिहास फार मागे जात नाही. १९५४ साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे ट्रक बनू लागले. पुढे कित्येक दशकं कारखान्यातून बहुतेक वेळा इंजिन, चाकं आणि सांगाडाच बाहेर पडायचा. केबिन बांधायचे ते गावोगावचे बॉडी-बिल्डर, लाकूड आणि पत्रा जोडून. त्या केबिनमध्ये देवाचा फोटो, आरसे, झालर, रंगीत दिवे यांना हौसेने जागा मिळाली. झोपेला मिळाली ती सीटमागची फळी आणि तिच्यावर काथ्याची गादी. उकाडा असह्य झाला की चालक टपावर झोपायचे, नाहीतर ट्रेलरच्या खाली चादरीची झोळी बांधून. १९९८ मध्ये व्होल्वोचे ट्रक भारतात आले, २००९ मध्ये टाटांचा प्राइमा आला, आणि कारखान्यातच बनलेली, बिछान्याचा विचार केलेली केबिन आपल्या रस्त्यांवर रुळू लागली. २०२५ पासून मध्यम आणि अवजड नव्या ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचं झालं. हा निर्णय मला मनापासून मोलाचा वाटतो. पण त्यातली एक फट मामांनी दाखवली. हा गारवा इंजिनावर चालतो. गाडी चालत असताना तो आहे. गाडी थांबवून माणूस आडवा झाला की एकतर इंजिन तासन्‌तास चालू ठेवून डिझेल जाळायचं, नाहीतर घामात पडून राहायचं. रात्री ओझं ओढणारा माणूस दुपारी झोपतो. ज्या वेळी त्याला गारवा सर्वांत जास्त हवा, नेमक्या त्याच वेळी तो बंद असतो.

जगात इतरत्र हा बिछाना कसा वाढला, हे पाहिलं की कायद्याची एक ओळ माणसाच्या झोपेला कशी वळण देते ते समजतं. अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने मुख्य महामार्गांवर ट्रक आणि ट्रेलर मिळून लांबीची मर्यादा काढून घेतली. मोजायची ती ट्रेलरची लांबी. त्यामुळे पुढे लांब नाक आणि मागे प्रशस्त खोली असलेले ट्रक तिथे फोफावले. अवजड माल ओढणारे काही जण शंभर इंचांहून लांब स्लीपर बनवून घेतात, त्यात ओटा, बेसिन, अगदी न्हाणीसुद्धा असते. युरोपात संपूर्ण गाडीची लांबी मोजतात, म्हणून तिथली केबिन चपट्या तोंडाची आणि आखूड राहिली. प्रत्येक जास्तीचा फूट मालाच्या जागेतून कापला जायचा. पण त्याच युरोपने चालकाची आठवड्याची पंचेचाळीस तासांची मोठी विश्रांती केबिनमध्ये घ्यायला मनाई केली. आपल्याकडेही लांबी मोजतात ती अख्ख्या गाडीची. आणि १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दोन दिवसांच्या कामामध्ये सलग नऊ तासांची विश्रांती लिहून ठेवली होती. ते नऊ तास कुठे काढायचे, हे मात्र रस्त्यावर सोडून दिलं गेलं.

साध्या मालवाहू ट्रकच्या बाबतीत मालकाची अडचण मी समजू शकतो. बिछाना दोन फुटांनी वाढवला तर माल दोन फुटांनी घटतो. पण अवजड ओझ्याचं गणित निराळं आहे, आणि ते उलगडत गेलं तसतसा माझा जीव त्यात गुंतत गेला. इथे ओझंच मुळी मर्यादेबाहेरचं असतं. त्याच्यासाठी खास परवानगी काढावी लागते, मार्ग आखावा लागतो, पूल तपासावे लागतात. ज्या काफिल्याची लांबी एखाद्या इमारतीइतकी आहे, त्यात बिछान्याचे दोन फूट कुणाच्या मालातून कापले जाणार?

वजनाचंही तसंच. हायड्रॉलिक एक्सलच्या रांगा जेव्हा दांड्याने घोड्याला जोडलेल्या असतात, तेव्हा ओझ्याचा भार घोड्याच्या चाकांवर येत नाही. चाकं जागच्या जागी फिरू नयेत, त्यांनी रस्ता घट्ट धरावा, म्हणून घोड्याच्या पाठीवर मुद्दाम लोखंडाचे किंवा काँक्रीटचे ठोकळे लादतात. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गप्पच झालो. ज्या गाडीला नुसत्या वजनासाठी कित्येक टनांचे ठोकळे वाहून न्यावे लागतात, तिच्यात माणसाच्या लांबीची गादी, पाण्याची टाकी, जादा बॅटऱ्या आणि थंडाव्याचं छोटं यंत्र यांचं वजन परवडत नाही, असं कुणी म्हणूच शकत नाही.

अशा प्रवासात केबिन म्हणजे किती काळ घर असतं, याचं एक खरं उदाहरण आपल्याच राज्यातून निघालं. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रासाठी बनवलेलं सत्तर टनांचं ऑटोक्लेव्ह ८ जुलै २०१९ ला महाराष्ट्रातून रस्त्याने निघालं. साडेसात मीटर उंच, साडेसहा मीटरहून रुंद. चौऱ्याहत्तर चाकांची गाडी आणि बत्तीस माणसांचा ताफा. वाटेत विजेच्या तारा उतरवाव्या लागल्या, झाडं तोडावी लागली, रस्ते दुरुस्त करावे लागले. मध्ये टाळेबंदी आली. चार राज्यांतून सुमारे सतराशे किलोमीटर चालून ते जुलै २०२० मध्ये पोहोचलं. दिवसाला सरासरी पाच किलोमीटरही नाहीत. त्या बत्तीस जणांनी एक पावसाळा, एक दिवाळी, एक उन्हाळा आणि पुन्हा पावसाळा रस्त्यावर काढला. अवकाशयानाचे हलके भाग घडवणारं ते यंत्र जागेवर पोहोचलं त्यात इंजिनाइतकाच वाटा त्या माणसांच्या रोज पुऱ्या झालेल्या, किंवा अपुऱ्या राहिलेल्या, झोपेचा आहे.

शेवटी मावसभावाच्या वहीत दुसरं पान तयार झालं. बर्थची लांबी मामांच्या उंचीहून वीतभर जास्त हवी. रुंदी इतकी की कूस बदलताना जागं व्हावं लागू नये. उठून बसल्यावर डोकं मोकळं राहावं. क्लीनरसाठी वरचा दुसरा बर्थ हवा, म्हणजे तो पोरगा खाली चाकांजवळ झोपणार नाही. दोन्ही बाजूंना जाळीची खिडकी, कारण खाडीकडचे डास. दिवसाढवळ्या अंधार करील असा जाड पडदा. केबिनला स्वतःचे स्प्रिंग. शेगडी बाहेर, डब्यांची जागा आत. आणि इंजिन बंद असताना बॅटरीवर चालणारं थंडाव्याचं यंत्र.

याला किंमत आहे, हे खरंच. मोठ्या केबिनची गाडी महाग पडली. घोड्याची लांबी वाढली की वळणही मोठं लागतं, आणि साकीनाक्याचा कोपरा किंवा घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गावरून आत शिरणारं वळण कुणाची गय करत नाही. मामांनी स्वतः जाऊन ती वळणं पावलांनी मोजली आणि “निघेल” म्हणाले. गाडी घेतली. पहिल्या लांबच्या खेपेनंतर ते घरी आले तेव्हा चहा घेताना त्यांनी इंजिनाचं नावही काढलं नाही. झोप लागते, एवढंच सांगितलं, आणि माझ्या मावशीला त्यावर भरून आलं.

एका मालकाने केलं ते शहरालाही करता येईल. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला आणि मे २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्याच्या तुळयांचे भाग अंबाल्याहून, दीड हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या शहरातून, रस्त्याने आले. एकेक तुळई सुमारे तेराशे टनांची. मेट्रो तीनसाठी भुयार खोदणारी, गोदावरी, वैतरणा, कृष्णा, तापी अशी नद्यांची नावं मिळालेली यंत्रंही सुट्या भागांनी अशाच गाड्यांवरून जमिनीखाली उतरण्याच्या जागी पोहोचली. या प्रत्येक कामाच्या निविदेत पोलादाची जात लिहिलेली असते, जोडाची तपासणी लिहिलेली असते, रंगाच्या थराची जाडीसुद्धा लिहिलेली असते.

त्याच निविदेत आणखी दोन ओळी असाव्यात, असं मला तळमळीने वाटतं. एक: ओझं आणणाऱ्या गाडीत चालक आणि क्लीनरसाठी पूर्ण लांबीचे, इंजिन बंद असतानाही गार राहणारे दोन बिछाने असतील. दुसरी: दिवसा गाडी उभी राहील तिथे सावली, पाणी आणि संडास असेल, मग ती जागा मुलुंडला असो, दहिसरला असो की ऐरोलीच्या पुलापाशी. हजारो कोटींच्या कामात या दोन ओळींचा खर्च हिशेबात दिसणारसुद्धा नाही. रात्री वर्दळीच्या शहरातून शेकडो टन ओढणाऱ्या माणसाच्या जागेपणावर आपण सगळे विसंबून असतो. तो जागेपणा दिवसा कमवावा लागतो, आणि तो कमवायला त्याला जागा देणं हा त्या पुलाच्या, त्या मेट्रोच्या बांधकामाचाच भाग आहे.