डब्याच्या सुट्टीतलं ऊन

आईच्या रक्ताचा रिपोर्ट आला. माझं डी जीवनसत्त्व ११, तिचं ९. वीसच्या खाली म्हणजे कमतरता. माझं समजू शकत होतो. सकाळी नऊला चाकणच्या ऑफिसात शिरायचं, काचेच्या भिंतीशेजारी कोड लिहायचा, अंधार पडल्यावर निगडीला परतायचं. पण आई? ती भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये अठरा वर्षं पॅकिंग करते. ती उन्हातान्हात राबते, असंच मी धरून चाललो होतो.

"उन्हात कधी रे?" ती म्हणाली. "दिवसभर पत्र्याखाली असते मी. ऊन नाही, नुसता उकाडा."

डॉक्टरांनी दोघांना आठवड्याला एक, साठ हजार युनिटची पाकिटं दिली आणि सांगितलं, "ऊन घेत जा." कधी, किती, ते मी विचारलंच नाही. ऑक्टोबरातल्या एका रविवारी भर दुपारी बनियनवर गच्चीत तासभर पडून राहिलो. संध्याकाळी खांदे पेटले, चार दिवसांनी कातडी सोलवटली. सावळ्या माणसाला ऊन भाजत नाही, ही समजूत तिथेच संपली.

मग वाचायला बसलो. त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होतं ते यूव्हीबी किरणांमुळे. खिडकीच्या काचेतून ते जवळजवळ येतच नाहीत. काळवंडवणारे यूव्हीए मात्र येतात. म्हणजे माझ्या काचेच्या भिंतीतून फक्त टॅन मिळत होता. सकाळचं कोवळं ऊन अंगाला गोड लागतं, पण सूर्य खाली असताना बहुतेक यूव्हीबी हवेतच अडतात. खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हा काम होतं. आपल्याकडे डिसेंबरातही भर दुपारी सूर्य ४८ अंशांवर असतो, म्हणजे ढग नसतील तर ही वेळ रोज येते. पण जास्त वेळ बसून जास्त मिळत नाही. काही वेळाने त्वचेतला कच्चा माल उन्हातच मोडायला लागतो. उत्पादन थांबतं, भाजणं चालू राहतं.

चाकणवरून जाणारा हायवे नाशिकला पोचतो. तिथल्या मुडदुसावर हचिसन आणि शाह यांचा अभ्यास १९२२ साली प्रसिद्ध झाला होता. पडद्यातल्या, खाऊनपिऊन सुखी घरांत मुडदूस होता. अपुरं खाणाऱ्या, पण उघड्यावर वाढणाऱ्या गरिबांच्या पोरांत तो फारसा नव्हता. म्हणजे निदान ऊन तरी गरिबाच्या वाट्याला होतं. आता पत्र्याची शेड आणि आठ तासांची पाळी हाच पडदा झालाय.

आईला साडेबाराला अर्धा तास डब्याची सुट्टी असते. तिला सांगितलं, "आधी दहा मिनिटं. बाह्या वर, तोंडावर पदर. कातडी चुरचुरायच्या आत सावलीत यायचं. आपल्या रंगाला वेळ जास्त लागतो, पण तो हळूहळू वाढवायचा."

"बायका हसतील."

हसल्या. मग त्यातल्या तिघी तिच्याबरोबर गेटबाहेर उभ्या राहायला लागल्या. इकडे मीही जेवण झालं की पार्किंगमध्ये सावली बघत उभा राहतो.

फेब्रुवारीत तिचं ९ चं २६ झालं. त्यात मोठा वाटा पाकिटांचाच असणार. पण पाकिटं संपली, उभं राहणं चालू आहे. बरं वाटतं का, विचारलं.

"हाडांचं माहीत नाही," ती म्हणाली. "पण कामाच्या दिवशी दुपार कशी असते, ते विसरलेच होते मी."