बारा भाकरी

आत्याची मूठ मी चार वेळा वजनकाट्यावर रिकामी करून घेतली. ज्वारीचं पीठ एकदा 42 ग्रॅम भरलं, मग 45, मग 41, पुन्हा 45. माझी स्वतःची मूठ 30च्या पुढे जात नाही. आत्या हात झटकत म्हणाली, “ह्याला काय मापायलीस गं? हाताला कळतंय की.”

हाताला कळतं, हे खरंच. पण तो हात ऐंशीच्या घरात आला होता आणि त्याला काय कळतं, ते आमच्यापैकी कुणीच लिहून ठेवलं नव्हतं. घरातल्या मुली-सुना पुण्याला, हैदराबादला, एक तर पार जर्मनीत. वेळ अमावस्येचा सण जवळ आला की सगळ्यांचे फोन आत्याला यायचे. भज्जीत आधी काय टाकायचं, आंबील रात्री शिजवायची की सकाळी. म्हणून मी ठरवलं, तिच्या हातचं सगळं उतरवून काढायचं आणि घरापुरतं एक पुस्तक छापायचं. त्यासाठी तीन हिवाळे मी लातूर जिल्ह्यातल्या तिच्या गावी जात राहिले.

वेळ अमावस्या आमच्याकडे शेतातच व्हायची. कडब्याची खोप, आत पांडवांची पूजा आणि शिवारात ज्यांचं ज्यांचं पान पडेल त्या सगळ्यांना जेवण. भज्जी म्हणजे त्या आठवड्यात रानात जे जे हिरवं असेल ते. तुरीचे दाणे, हरभऱ्याचे सोले, वालाच्या शेंगा, मेथी, पालक, चुका, गाजर, बोरं, चिंचेचा कोळ आणि शेवटी ताकात कालवलेलं बेसन. एकदा आत्याकडे चुका नव्हता, तर तिने चिंच वाढवली. एकदा बोरंच नव्हती, तर गूळ कमी केला. मी तीन वर्षांच्या तीन भज्ज्या शेजारीशेजारी लिहून पाहिल्या आणि तिन्हींची यादी वेगळी निघाली. यातली खरी कोणती, असं मी तिला विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. तिन्ही वर्षी लोकांनी मागून मागून खाल्ली होती.

आंबिलीचं माप मात्र मला थोडं हाती लागलं. ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून शिजवायचं, निवलं की आंबट ताक, लसूण, जिरं, मिरची घालून रात्रभर बिंदगीत ठेवायचं. पण “ताक किती?” याचं उत्तर “पळीवरून सरसर पडंल इतकं” असंच आलं. ते मी तसंच लिहिलं. याहून अचूक दुसरं काही असेल, असं मला वाटत नाही.

माझ्या आईकडे ‘रुचिरा’ची प्रत होती, पानांना हळदीचे डाग पडलेली. कमलाबाई ओगल्यांचं ते पुस्तक 1970 साली आलं आणि लाखाहून अधिक घरांत गेलं. ज्यांना सासूच्या शेजारी उभं राहून शिकायला मिळालं नाही अशा नोकरदार बायकांना, परगावी संसार थाटलेल्या मुलींना त्याने वाटी आणि चमच्याचं माप दिलं. त्याच्याही साठ वर्षं आधी, 1910 मध्ये, लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणी-मित्र’मध्ये हजार पाकक्रिया लिहिल्या होत्या. या बायकांनी केवढं काम करून ठेवलं आहे, हे आत्याच्या चुलीपुढे वही घेऊन बसल्यावर मला पुरतं उमगलं. एका येसराचं, म्हणजे आमटीसाठी भाजून दळलेल्या पिठाचं, कृतिपत्रक करायला मला चार दिवस लागले. धान्यं, डाळी कोणत्या क्रमाने भाजायच्या, कुठल्या वासाला उतरवायच्या, मसाले कधी मिसळायचे, आमटी घट्ट होऊ लागली की गरम पाणीच का घालायचं.

तरी आईच्या ‘रुचिरा’त मी येसर शोधायला कधी गेले नव्हते. आपलं गावाकडचं खाणं पुस्तकात नसायचंच, असं लहानपणापासून मनात बसलेलं. पुढे शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ वाचलं. 2015 सालचं पुस्तक. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरांत काय शिजलं, काय वाळवून ठेवलं गेलं, ते त्यांनी मोकळेपणाने लिहिलं आहे. ते वाचताना मला शरम वाटली. आमचं येसर पुस्तकात नाही म्हणून मी खंतावत होते आणि आमच्याच गावातली निम्मी चुलाणी माझ्या डोक्यातही कधी आली नव्हती. त्या वाचनानंतर मी आत्याला वेगळं विचारायला लागले. सणाला काय करायचात, हे झालं होतं. आता विचारलं, “काहीच नसायचं तेव्हा काय करायचीस?”

आत्या बराच वेळ निवडण टिपत राहिली. मग म्हणाली, “मिलो.”

1972चा दुष्काळ. अमेरिकेतून आलेली ती तांबडी ज्वारी रेशनवर मिळायची. आत्या तेव्हा तिशीच्या आत होती, खडी फोडायच्या कामावर जायची. कामावर सुकडी, म्हणजे मदतीचा कोरडा खाऊ, मिळाली की अर्धी पदरात बांधून पोरांसाठी आणायची आणि गरम पाण्यात कालवून द्यायची. मिलोच्या पिठाला चिकटपणा नाही, साधी भाकरी थापायला गेलं की परातीतच मोडायची. म्हणून आधी उकळत्या पाण्यात उकड काढायची, गरम असतानाच मळायची, तळहातावर लहान लहान थापायची आणि हातावरूनच तव्यात सोडायची. उलटताना उलथनं नाही, बोटंच.

मी भराभर लिहीत होते. एवढ्यात माझा आतेभाऊ आत आला. त्याने ऐकलं आणि त्याचा चेहरा बदलला. “त्ये कशाला लिहायलीस? ते काय जेवण व्हतं का? घरच्या लेकरांच्या हातात पुस्तक जाणार, सोयरे बघणार.” तो रागावला नव्हता, दुखावला होता. त्याने आता चांगलं घर बांधलंय, बोअरला पाणी आहे, दारात दोन जर्सी गायी आहेत. आईने पदरात सुकडी बांधून आणली हे त्याला सोयऱ्यांपुढे नको होतं. मला त्याचं म्हणणं समजत होतं. तरीही माझं मन मानेना. ज्या हाताची भज्जी आम्ही मिरवणार होतो, त्याच हाताने त्या भाकरी थापल्या होत्या.

मी वही मिटली आणि आत्याकडे पाहिलं. ती म्हणाली, “लिही.”

मग सवयीने मी विचारलं, “पीठ किती?” मला वाटलं, आता पुन्हा हाताला कळतंय म्हणेल.

“दीड शेर,” ती म्हणाली. “बारा भाकरी. सात माणसं.”

तीन वर्षांत तिने मला एकाही पदार्थाचं आकड्यात माप दिलं नव्हतं. हे मात्र तिला पन्नास वर्षांनंतर पाठ होतं. मी कुणाला किती ते विचारलं, तिने न अडखळता सांगितलं. सासऱ्याला दोन. नवऱ्याला दोन. दिराला दोन. सासू दीड खायची. पोरांना एकेक. “आन मला दोन. मी खडी फोडायचे ना.”

आतेभाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्या एकेकातला एक तो. तो तिथून हलला नाही.

मी वहीत बेरीज केली. साडेअकरा भरत होती. पुन्हा केली. “आत्या, बारा म्हणालीस ना? अर्धी उरते.”

“उरत न्हवती,” आत्या म्हणाली. “दावणीला गाय व्हती की.”

मी पोरांच्या खाली आणखी एक ओळ घातली आणि तिच्यापुढे लिहिलं, अर्धी.