सत्तर रुपये वारले

आमच्या घरात वस्तू बिघडत नसत, वारत. मिक्सर वारला, रेडिओचे सेल वारले, एकदा तर ऐन लग्नाला निघताना दादांच्या कोल्हापुरीचा अंगठा वारला. शेजारी उसनी गेलेली वाटीभर साखर परत आली नाही, की आई डब्याचं झाकण लावत नुसतं म्हणायची, "सत्तर रुपये..." पुढचं आम्ही तिघं भावंडं एका सुरात पुरं करायचो.

हे आलं 'अशी ही बनवाबनवी'तून. सचिन पिळगांवकरांचा १९८८चा सिनेमा, संवाद वसंत सबनीसांचे. भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर पहिल्यांदा पाहिला, नंतर टीव्हीवर लागेल तेव्हा तेव्हा. घरमालक सरपोतदारांना, म्हणजे सुधीर जोशींना, डायबेटिस. अशोक सराफांचा धनंजय माने इस्तंबूलच्या औषधापायी त्यांच्याकडून सत्तर रुपये घेतो. पुढे कळतं, औषध देणारे गृहस्थ वारले. मग सत्तर रुपये? तेही वारले.

गंमत सगळी क्रियापदात आहे. गृहस्थ एकच, पण आदराने 'वारले'. रुपये सत्तर, म्हणून तेही 'वारले'. आदरार्थी बहुवचन बाईंनी फळ्यावर शिकवलं होतं, डोक्यात शिरलं ते इथे. त्याच सिनेमातल्या 'हा माझा बायको पार्वती'चीही तीच गत. 'माझी'च्या जागी 'माझा' आलं, की साडी नेसून पार्वती बनलेला परशा उघडा पडलाच.

याला मीम म्हणतात, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं! शब्द मात्र होता. रिचर्ड डॉकिन्स यांनी तो १९७६ सालीच घडवला होता, नक्कल होत होत एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात शिरणाऱ्या गोष्टींसाठी. आमच्याकडे ती ने-आण मे महिन्याच्या सुट्टीत व्हायची. आजोळी पंधरा दिवस राहिलं, की आमचे 'सत्तर रुपये' मावसभावंडांकडे जायचे आणि त्यांच्याकडची 'लिंबू कलरची साडी' आमच्याकडे यायची.

परवा भाचीने घरच्या ग्रुपवर स्टिकर टाकलं. अशोक सराफांचा चेहरा, 'सत्तर रुपये वारले', आणि खाली तिचं स्वतःचं, 'माझा डेटा पण'. सिनेमा तिने पाहिलेला नाही.

"मामा, वारले म्हणजे संपले ना?"

"नाही गं, मेले. माणूस गेला की म्हणतात."

"मग रुपयांना का?"

तिला सांगायला बसलो आणि दादा गेले ती रात्र आठवली. काका गावी फोन लावत होते. पलीकडे नीट ऐकू जात नव्हतं, म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा मोठ्याने सांगावं लागत होतं, "दादा वारले... वारले!" कोपऱ्यात बसलेल्या आईला हुंदक्यातच हसू फुटलं. तिने पदर तोंडात कोंबला. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.