पायगाडी

मनुष्याची प्रतिष्ठा त्याच्या वाहनावरून ठरविण्याची चाल फार जुनी आहे. देवांच्या बाबतीतही त्यांच्या वाहनाची चौकशी आपण करतोच. मग बिचाऱ्या माणसाची गोष्ट कशाला? फरक इतकाच, की उंदरावर बसणाऱ्या गणपतीस आपण अग्रपूजेचा मान देतो, आणि सायकलीवर बसणाऱ्या माणसाकडे मात्र किंचित करुणेने पाहतो.

हिंगोलीस आमच्या घरापासून कचेरीपर्यंतचे अंतर आठ किलोमीटर आहे, आणि गेली कित्येक वर्षे ते आम्ही सायकलीने तोडीत आलो आहो. परिचितांपैकी निम्म्यांची समजूत अशी, की आमची मोटारसायकल दुरुस्तीस गेली असावी. उरलेल्यांची अशी, की डॉक्टरांनी आम्हांस व्यायाम सांगितला असावा. एखादा मनुष्य केवळ कामावर पोचण्यासाठी सायकलीवर बसतो, हे सुशिक्षितांस आता संभवनीयच वाटत नाही. भाषेनेही आमची बाजू सोडली आहे. ‘दुचाकी’ हा शब्द वस्तुतः आमच्या वाहनाचा. परंतु वर्तमानपत्रात दुचाकी म्हटले की वाचक आज मोटारसायकलच समजतो. म्हणून आजोबांच्या पिढीतला ‘पायगाडी’ हा शब्द आम्ही पुन्हा जवळ केला आहे. पाय आणि गाडी यांच्या भागीदारीचा हा धंदा असून त्यात भांडवल सर्वस्वी पायांचे आहे, ही गोष्ट त्या शब्दात जशी उघड होते तशी दुसऱ्या कशात होत नाही.

ही भागीदारी काही फार प्राचीन नव्हे. दोन सारख्या चाकांची आणि मागचे चाक साखळीने फिरविणारी सायकल इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली याने १८८५ साली बाजारात आणली. १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉपने हवा भरलेली धाव काढली, आणि हाडे खिळखिळी करणारे हे यंत्र सभ्य माणसाच्या उपयोगाचे झाले. त्याच १८८८ साली आपल्या बेळगावात किर्लोस्करांचे सायकलींचे दुकान निघाले. पुढे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन बिघडेल या भीतीने शेतकरी तो घेईनात, ही कथा प्रसिद्धच आहे. नव्या वस्तूस प्रथम भय आणि जुन्या वस्तूस शेवटी हसू, एवढेच लोकांच्या पदरी असते. सायकलीच्या नशिबी आता हसण्याचा काळ आला आहे.

परंतु हसणाऱ्यांस ऋतूंची ओळख राहिलेली नाही, असे आमचे नम्र मत आहे. आमच्या मराठवाड्यात मृगाचा पहिला पाऊस येतो तो आधी वासाने आणि मग थेंबांनी. शेतांत सोयाबीन आणि कापूस यांच्या पेरण्यांची घाई उडालेली असते, आणि रस्त्याच्या कडेची काळी माती सायकलीशी वैर धरते. ही माती पाण्याने लोण्यासारखी होते आणि चाकाबरोबर वर चढून मडगार्डात बसते. शंभर पावले जावे, तो चाक जागच्या जागी अडते. मग उतरावे, बाभळीची काडी मोडून घ्यावी, गाळ खरवडावा आणि पुन्हा बसावे. ओल्या धावेवर ब्रेकचे रबर घसरते, म्हणून उताराचा विचार उतार लागण्यापूर्वीच करावा लागतो. सीटला प्लॅस्टिकची पिशवी बांधण्याची आणि कोरडे कपडे कचेरीच्या कपाटात ठेवण्याची विद्या कोणत्याही पुस्तकात नाही. ती पावसाळाच शिकवितो.

पाऊस सरला, की दिवाळीनंतरच्या सकाळी कानटोपी आणि मफलर यांचे राज्य सुरू होते. बोटे हँडलावर आहेत की नाहीत, याची खात्री डोळ्यांनीच करून घ्यावी लागते. पण दोन किलोमीटर गेल्यावर अंगातून जी ऊब निघते, तिच्यासारखी शेगडीचीही नाही. पुढे माघ-फाल्गुनात हळद शिजू लागते. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु शिजवून उन्हात पसरलेल्या हळदीचा उग्र वास वाऱ्याबरोबर रस्त्यावर येतो, तो मोटारीची काच वर करून जाणाऱ्यास कोणत्याही मानांकनाने कळावयाचा नाही. वैशाखात पारा चाळिशीपलीकडे जातो. तेव्हा डोक्यास पंचा, खिशात कांदा आणि सकाळी लवकर निघण्याचा निश्चय, या तीन साधनांवर आमचा उन्हाळा पार पडतो. यांपैकी कांद्याचा उपयोग कोणता हे आम्हांस सांगता येणार नाही. पण घरची आज्ञा आहे.

या सर्वांहून अवघड प्रतिस्पर्धी वारा. ऊन आणि पाऊस दिसतात. समोरचा वारा दिसत नाही, आणि तो थांबत तर नाहीच. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो तोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे निश्चल हवेतही वेग दुप्पट करावा, तर वाऱ्यापोटी आठपट शक्ती खर्चावी. म्हणून समोरच्या वाऱ्याशी भांडण्यात अर्थ नसतो. वेग कमी करावा, मान खाली घालावी आणि पोचण्यास दहा मिनिटे उशीर होईल हे मान्य करून चालत राहावे. कचेरीतील पुष्कळशा प्रसंगी हे धोरण आम्हांस उपयोगी पडले आहे.

आठ किलोमीटर हे काही मोठे अंतर नव्हे, हेही येथेच म्हटले पाहिजे. परंपरा ज्या नर्सीस नामदेवांचे जन्मस्थान मानते, ती आमच्याच जिल्ह्यात आहे. नामदेव येथून पंढरीस गेले आणि पुढे पंजाबात घुमानपर्यंत पोचले; त्यांची पदे गुरु ग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झाली. २०१५ साली त्या घुमानला साहित्य संमेलन भरले, तेव्हा एवढ्या दूर कसे जावयाचे, याचीच चर्चा साहित्यिकांत अधिक रंगली होती. आमची सायकल लुधियान्याच्या कारखान्यातली आहे. पंजाबाने आपले ऋण अशा रीतीने थोडेबहुत फेडले, असे आम्ही चढावर स्वतःस सांगत असतो.

येथवरचे सारे गमतीने म्हटले तरी चालेल. पुढचे तसे नाही. गेल्या आषाढात एका भरलेल्या मालमोटारीने आम्हांस डांबरावरून कडेच्या चिखलात उतरविले. लागले फारसे नाही. पण चाक रुतले आणि चष्मा कोठे गेला ते दिसेना. मागून शाळेच्या तीन मुली सायकलीवरून येत होत्या. त्या उतरल्या. एकीने चष्मा शोधून ओढणीस पुसून दिला, दुसरीने काडीने मडगार्ड मोकळे केले. “काका, लागलं का हो?” तिसरीने विचारले. नाही म्हटल्यावर ती म्हणाली, “हॉर्न ऐकू आला की आम्ही आधीच खाली उतरतोत. रोजचंच आहे.” हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. पाऊस आला की छत्री उघडावी, इतक्या सहजपणे सांगितले.

घरी ही हकिगत कळताच निकाल तात्काळ लागला. “अहो, आता पुरे झाली ती सायकल. उद्याच स्कूटर बघा,” असे फर्मान निघाले. त्यात काळजी होती आणि काळजीपुढे युक्तिवाद टिकत नाहीत, हे आम्ही जाणतो. स्कूटर घेण्याइतकी आमची ऐपतही आहे. तरी आम्ही अद्याप घेतली नाही, याचे कारण त्या मुलीचे वाक्य.

आमच्या जिल्ह्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. बिहारात २००६ साली अशीच योजना निघाली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला; तीमुळे योग्य वयात माध्यमिक शाळेत असणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे ज्या वाहनास आपण हसतो, त्यावर कोणाची तरी नववी-दहावी अवलंबून असते. ती मुलगी ज्या दिवशी चिखलात पडेल, त्या दिवशी तिच्याही घरी फर्मान निघेल. मात्र ते स्कूटरचे नसेल. शाळा पुरे, असे असेल.

२०११ च्या जनगणनेत देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल आढळली. मोटारसायकल किंवा स्कूटर २१ टक्के कुटुंबांकडे, आणि मोटार पाच टक्क्यांहूनही कमी कुटुंबांकडे. तरीही रस्ता रुंद होतो तो मोटारीकरिता, आणि कडेची पट्टी डांबराहून वीतभर खालीच राहते. यात कोणाचा दुष्टपणा आहे, असे आम्हांस वाटत नाही. अर्ज लिहिणारे, सभेत उठून बोलणारे, अधिकाऱ्यास ओळखीने भेटू शकणारे जे आम्ही मध्यमवर्गीय लोक, ते सायकलीवरून उतरून गेलो. आणि ज्यांना उतरता येत नाही, त्यांच्या बाजूने बोलणारा कोणी रस्त्याच्या कडेला उरला नाही. आम्ही सायकल चालविल्याने त्या मुलींचा रस्ता सुधारत नाही, हे खरे. परंतु तो कोठे बिघडला आहे हे त्यामुळे आम्हांस रोज कळते. स्कूटरवर बसल्यावर आठ दिवसांत आम्ही ते विसरू, ही भीतीच आम्हांस अडवीत आहे.

औंढ्याजवळ दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा अणुगर्भाहूनही सूक्ष्म असे कंप मोजणार आहेत. आम्हांस तिचा अभिमान वाटतो. त्याच जिल्ह्यात डांबराच्या कडेची वीतभर खाच मोजणे कोणास अवघड जाऊ नये. तेवढे मुरूम टाकून दाबले, दोन हात रुंदीची पट्टी रस्त्याच्या पातळीला आणली, तर मुलींना हॉर्न ऐकून उतरावे लागणार नाही. तशा अर्जाचा मसुदा आम्ही केला आहे. त्यावर सह्या हव्या आहेत; आणि ज्यांच्या घरात सायकल नाही, त्यांच्या सह्या अधिक हव्या आहेत.