हाताला परका

रात्रीचं पाहावं तर माझ्या फोननं. गणपतीत गावच्या घरी वीज गेली, उजेड म्हणून समई तेवढी. तरी फोटोत आढ्याचे वासे, खुंटीवरची छत्री, कोपऱ्यातलं सूपसुद्धा लख्ख आलंय. मला स्वतःला त्यातलं निम्मंही दिसत नव्हतं. हा कॅमेरा अंधारात एक फोटो काढतच नाही. दोन-तीन सेकंदांत पाठोपाठ अनेक टिपतो आणि एकावर एक बसवून त्यांतून उजेड वेचून काढतो. त्यामुळे स्थिर वस्तू रेखीव येतात, हलणारी माणसं पुसट. काकूच्या साडीचा काठ मोजून घ्यावा इतका स्पष्ट आहे, पण आरती ओवाळणारा तिचा हात म्हणजे नुसता धुरकट पट्टा. अंधार तर गायबच. मला ती रात्र अंधारासकट हवी होती, म्हणून नंतर बसून फोटोतला उजेड कमी केला!

बाकी गुण नेहमीचेच. टॉर्च उत्तम, आवाज खणखणीत, कीबोर्डवर ‘ळ’ हाताशी. त्यावर जास्त काय लिहायचं?

पावसाशी मात्र त्याचं जमत नाही. खोक्यावर आयपी ६८ असं ऐटीत छापलं होतं. सहा म्हणजे धूळ आत शिरत नाही, आठ म्हणजे मीटरभराहून खोल पाण्यात काही वेळ बुडाला तरी बिघडत नाही. बुडवतंय कोण? जुलैत दादर स्टेशनबाहेर टॅक्सीचे पैसे द्यायला यूपीआय उघडावं, तर स्क्रीनवर पडलेला थेंबच एखादं बटण दाबून मोकळा होतो आणि माझं बोट त्याच्या खिजगणतीत नसतं. काचेखालच्या विद्युतक्षेत्रात बोटानं जो फरक पडतो, तसाच पाण्यानंही पडतो. फोनला दोघांतला भेद नेमका कळत नाही. शेवटी शर्टाच्या आतल्या बाजूला काच पुसायची, आणि टॅक्सीवाल्याची नजर चुकवायची.

त्याहून मनाला लागलं ते आईच्या बाबतीत. तिच्यासाठी असाच फोन घेतला, अंगठ्याचा ठसा नोंदवायला बसलो. काचेखाली हिरवा उजेड पेटे, विझे. ‘पुन्हा प्रयत्न करा.’ उजवा अंगठा झाला, डावा झाला, मग तर्जनी. जन्मभर भांडी घासून, खोबरं खवून, धुणं आपटून त्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात. आई म्हणाली, “अरे, मी आहे तीच आहे. ह्यालाच ओळख पटत नाही.” मग चार आकडे लावून दिले, ते तिनं देव्हाऱ्यातल्या पोथीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत.

आता माझ्या फोनची बॅटरी दुपारीच मान टाकू लागली. लिथियम-आयन बॅटरीचं हे ठरलेलंच: चार्ज होत होत ती झिजते, आणि उकाड्यात जरा लवकरच. ती बदलायला गेलो, तर दुरुस्तीवाल्यानं फोन तापत्या पाटीवर ठेवला, डिंक सैल होईपर्यंत थांबला, काचेला रबरी वाटी चिकटवून ओढली आणि फटीत प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवली. “काच फुटली तर जबाबदारी तुमची, काका,” हे आधीच सांगून झालं होतं. पूर्वीच्या फोनचं झाकण नखानं निघायचं, बॅटरी आपली आपण बदलायची. फोन बनवणाऱ्यांनो, कॅमेरे आता पुरे झाले. ते झाकण तेवढं परत द्या.